सकाळचा ससा, दुपारचा ससा
माळावरची कारवानी : लेखांक 12

या आठवड्यात पश्मी या केसाळ कारवानी कुत्र्याच्या कानांवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. दौंड तालुक्यातून एका वाचकांचं पत्र आलंय आणि प्रश्न असा आहे की तो बाजूला सारून पुढे जाववेना. ते लिहितात, "पाटस-वरवंडच्या बाजूला जुनी माणसं सांगायची, की दिवस उगवताना उठलेल्या सशाच्या नादी कारवानीनं लागू नये, दुपारी उठलेला मात्र सुटत नाही. घोडनदीकडचे पाव्हणे नेमकं उलट सांगतात. पहाटे सशाचं पोट भरलेलं असतं, म्हणून तो जड पळतो म्हणे. खरं कुणाचं?"

आधी घोडनदीकरांचं पोट घेऊ. ससा रात्री चरतो. हरभऱ्याचे शेंडे, कोवळी ज्वारी, बांधावरचं गवत असं खात उजाडेपर्यंत त्याचं पोट गच्च होतं, हे खरंच. पण दुपारपर्यंत ते रिकामं होतं का? नाही. खाल्लेला पाला सशाच्या मोठ्या आंधळ्या आतड्यात आंबतो. दिवसा बसल्या जागी ससा मऊ लेंड्या टाकतो आणि त्या थेट तोंडात घेऊन पुन्हा गिळतो. चारा असा दोनदा पोटातून गेल्यावर मगच त्या कोरड्या, गोल, काडीकाडी दिसणाऱ्या लेंड्या पडतात, ज्या आपल्याला माळावर सापडतात. म्हणजे पोट हलकं करून पळायची चैन सशाच्या नशिबी नाहीच. पोटाचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

दौंडकरांचं म्हणणं जास्त विचार करण्याजोगं आहे. दुपारचा ससा पाहिलाय कधी? तरवडाच्या बुडाशी किंवा गवताच्या झुबक्याखाली त्याने मुरूम उकरून अंगापुरती जागा केलेली असते, मागच्या बाजूला जरा खोल. कान पाठीवर चपटे, त्यामुळे मानेवरचा काळा डाग झाकलेला. डोळे टक्क उघडे. हलते ती फक्त नाकपुडी. आपण दहा पावलांवर आलो तरी तो उठत नाही, कारण त्याचा सगळा भरवसा न दिसण्यावर असतो. अगदी पायाखाली येतोय असं वाटलं की मग उसळतो. तेव्हा कुत्रंही दहा पावलांवरच असतं.

पहाटेचा ससा मुळात बसलेलाच नसतो. तो चरण्यावरून परतत असतो, पायांवर असतो, कान उभे असतात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मागचंही त्याला दिसतं. कुत्र्याची चाहूल लागते तेव्हा मधे अख्खं शेत असतं. तो लगेच वाटेला लागतो, आणि ती वाट त्याच्या रोजच्या पायाखालची. तेव्हा जुन्या माणसांनी पाहिलेला फरक सशाच्या पायांतला नव्हताच, तो सुरुवातीच्या अंतराचा होता.

आता उन्हाचं. धावताना स्नायू भट्टीसारखे तापतात. शर्यत संपवून थांबलेल्या ग्रेहाउंडचं अंग 41 अंशांच्या आसपास गेलेलं असतं, आणि ती शर्यत असते जेमतेम अर्ध्या मिनिटाची. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय, आणि भरधाव पळताना तो पुरत नाही. त्यात दुपारी सशाला शोधत कुत्रं तास-दोन तास उन्हात हिंडलेलं असतं. म्हणजे पळायच्या आधीच ते तापलेलं असतं. ससा मात्र सावलीतून उठलेला असतो.

सशाकडे आणखी एक सोय आहे, कान. अमेरिकेच्या वाळवंटातल्या जॅकरॅबिट नावाच्या सशांवर क्नुट श्मिट-नील्सन यांनी 1960 च्या दशकात काम केलं. त्या पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या कानांवाटे ससा पाणी न गमावता उष्णता बाहेर टाकतो, असा त्यांचा विचार होता. पण हवा अंगापेक्षा थंड असेल तरच हे जमतं. हवा अंगाएवढी तापली की कानांतलं रक्त आखडतं घ्यावं लागतं, नाहीतर बाहेरची उष्णताच आत यायची. एप्रिलमध्ये दौंडला पारा 40 च्या वर गेल्यावर हे कान कामाचे नाहीत. पायांचं मात्र त्याला बरं आहे. सशाच्या तळव्यांना दाट केस असतात, कुत्र्याच्या गाद्या उघड्या. तापलेला मुरूम, सराटे आणि कुसळी गवत यांचा त्रास कुणाला जास्त, हे सांगायला नको.

सगळं जमेला धरून मी असा हिशोब मांडतो. सकाळी अंतर सशाच्या बाजूने, दम कुत्र्याच्या. दुपारी अंतर कुत्र्याच्या बाजूने, दम सशाच्या. म्हणून दुपारचा ससा सापडला तर पहिल्या झेपेतच सापडतो. पहिली तीन-चार वळणं त्याने काढली, की कारवानी जीभ लोंबवत सावली शोधते. आणि सांजेला? जमीन अजून तापलेली, उजेड उतरलेला. कारवानी पळते नजरेवर आणि सशाचा रंग तर मातीचाच. तेव्हा दोन्ही बाजू सशाकडे.

घोडनदीचं नाव निघालंच आहे तर थोडं विषयांतर. या घोडनदीला, म्हणजे आजच्या शिरूरला, कंपनी सरकारच्या काळात लष्करी छावणी होती. अशा छावण्यांतल्या साहेबलोकांना कुत्र्यांमागे घोडे घालायचा भारी शौक, पण इकडे तो पहाटेच उरकावा लागे. वासावर धावणाऱ्या विलायती कुत्र्यांना दव असेपर्यंतच माग मिळे. ऊन चढलं की वासही उडाला आणि कुत्रीही बसली. घड्याळ तिथेही उन्हानेच लावून दिलं होतं.

त्याच साहेबांच्या देशात 1836 पासून चालत आलेली सशांमागे कुत्री सोडण्याची 'वॉटर्लू कप' ही स्पर्धा 2005 मध्ये शेवटची झाली, कारण 2004 च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये हा खेळच बंद केला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा संरक्षित आहे. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या नीट वाचा. प्राणी मारणं तर तिच्यात आहेच, पण त्याच्या मागे कुत्रं घालणं, त्याला हाकणं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हेही आहे. "आम्ही मारला कुठे, नुसता पळवला," ही सबब कायद्यात बसत नाही.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या वाचकांना आणि घरी कारवानी बाळगणाऱ्या सगळ्यांनाच सांगणं एवढंच, की कुत्र्याला पळवायचं तर नांगरलेल्या रानात, दोरीला बांधलेल्या चिंधीमागे पळवा. तेही सकाळी नऊच्या आत, आणि पाण्याची बादली जवळ ठेवून.