बेटांभोवतीची सफर

सोलापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. भीमा आणि सीना या येथील नद्याही सह्याद्रीकडे पाठ फिरवून पूर्वेकडे वाहत जातात. तरीही १८८२ साली याच सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिंदिया ही जहाज कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्रावर जाण्यासाठी समुद्रकाठीच जन्मावे लागते असे नाही. परंतु समुद्राचे नियम मात्र शिकावे लागतात. ते नियम एखाद्या लहान सफरीची आखणी करून पाहिली म्हणजे चांगले कळतात.

समजा, सोलापूरच्या काही मुलांना वडीलधाऱ्या मंडळींबरोबर मालवणच्या समुद्रातील बेटांभोवती शिडाच्या होडीतून फिरावयाचे आहे. कोल्हापूरमार्गे घाट उतरून मालवणला पोहोचणे सोपे आहे. खरा विचार तेथून पुढे करावयाचा असतो.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्यावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चहूंकडे खारे पाणी असूनही किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे. जवळच पद्मगडाचे लहान बेट आहे. मालवणपासून दक्षिणेकडे सुमारे दहा सागरी मैलांवर, निवती-वेंगुर्ल्यासमोरच्या उघड्या समुद्रात, वेंगुर्ला रॉक्स नावाचा खडकाळ बेटांचा समूह आहे. तेथे दीपगृह आहे. तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. त्या पाखरांना त्रास होऊ नये, म्हणून ही बेटे होडीतूनच पाहावी. परवानगीवाचून तेथे उतरू नये.

सफरीसाठी पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. म्हणून कोकणातील कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नव्या हंगामाचा आरंभ करतात. पावसाळ्याच्या आगेमागेही वादळाचे भय असते. मे २०२१ मध्ये तौक्ते नावाच्या चक्रीवादळाने या किनाऱ्याची मोठी हानी केली. म्हणून थंडीचे दिवस सफरीला उत्तम. तरीही निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहावा. बंदरावर धोक्याचा बावटा चढला असेल, तर सफर पुढे ढकलावी.

दुसरा प्रश्न भरती-ओहोटीचा. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे लागतात. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, असा एक जुना हिशेब कोकणात सांगतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास. हा हिशेब स्थूल आहे आणि तो प्रत्येक बंदराला थोडा वेगळा लागू पडतो. म्हणून त्याला छापील कोष्टकाची जोड द्यावी. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी फार चढते व फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. त्याला भांग म्हणतात.

ही माहिती कशासाठी हवी? सिंधुदुर्गाभोवती असंख्य खडक आहेत. ओहोटीला त्यांतील कित्येक उघडे पडतात. भरतीला ते पाण्याखाली दडतात. शत्रूच्या जहाजांना वाट सापडू नये, म्हणून हेच खडक किल्ल्याला उपयोगी पडले. जे खडक शत्रूला आडवे आले, ते पाहुण्यालाही आडवे येतात. म्हणून येथील पाण्याची माहिती असलेला तांडेल बरोबर हवाच. उथळ पाणी नेहमी भरती चढत असताना ओलांडावे. चढत्या पाण्यात होडी रुतली, तर थोड्या वेळाने पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात रुतली, तर पुढच्या भरतीपर्यंत कित्येक तास खोळंबावे लागते.

तिसरा प्रश्न वाऱ्याचा. थंडीत रात्री जमीन लवकर निवते. त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला मतलई वारा म्हणतात. दिवस वर आला की जमीन तापते आणि दुपारी समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा सुटतो. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. तिला उजवीकडे-डावीकडे वळणे घेत जावे लागते आणि वाट लांबते.

आता नकाशा पुढे घ्यावा. पहाटे मालवणहून निघाले, तर मतलई वारा बाजूने लागून होडी दक्षिणेकडे चांगली चालते. ताशी चार सागरी मैल वेग मिळाला, तर दहा मैलांस अडीच तास लागतील. परंतु वेंगुर्ला रॉक्स पाहून दुपारी तसेच मालवणकडे परतावे म्हटले, तर वायव्येचा वारा जवळजवळ तोंडावर येतो. अडीच तासांच्या वाटेला पाच-सहा तास लागतील आणि खडकाळ बंदरात शिरण्यापूर्वीच अंधार पडेल. म्हणून शहाणा तांडेल त्या दिवशी परतत नाही. तो पाठीवर वारा घेऊन वेंगुर्ल्यास जातो, तेथे मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मतलईवर मालवणची वाट धरतो. मध्येच वारा पडला, तर निवतीचा आसरा जवळ असतो. वारा न बदलता केवळ वेळ आणि मुक्काम बदलल्याने अवघड वाट सोपी झाली.

आज कोकणातील बहुतेक होड्यांना यंत्र असते. परंतु यंत्रही बंद पडते. तेव्हा होकायंत्र, नांगर, वल्ही आणि वाऱ्या-पाण्याचे ज्ञान हेच कामास येते. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे. एका दिवसाच्या सफरीला दोन दिवसांचे पिण्याचे पाणी घ्यावे. कोण कोठे आणि केव्हा जाणार व केव्हा परतणार, हे किनाऱ्यावरील जबाबदार माणसास लिहून द्यावे. म्हणजे वेळ टळली, तर शोध कोठे घ्यावयाचा हे त्याला कळेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अखेरची. कोणत्या वेळेपर्यंत बेटे दिसली नाहीत तर परत फिरावयाचे, हे किनाऱ्यावर असतानाच ठरवावे. समुद्रावर गेल्यावर 'आणखी थोडे पुढे जाऊ' असा मोह सर्वांनाच होतो. तांडेलाने 'परत' म्हटले, की कोणीही वाद घालू नये. परत फिरणारा माणूस भित्रा नसतो. बेटे उद्याही तेथेच असतात. ती पाहावयास माणसे सुखरूप असली पाहिजेत.