रिकामी झालेली सीट कोणाला मिळते?

निको रॉसबर्गला फॉर्म्युला वनचा विश्वविजेता होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. २ डिसेंबर २०१६ रोजी व्हिएन्नात त्याने निवृत्ती जाहीर केली आणि मर्सिडीजची एक सीट अचानक रिकामी झाली. त्या मोसमातल्या २१ पैकी १९ शर्यती याच टीमने जिंकल्या होत्या. अशा गाडीत आता कोण बसणार, यावर जगभर चर्चा सुरू झाली. मोठ्या टीमची जागा रिकामी झाली की आजही तशीच चर्चा होते आणि तिच्यातली बरीचशी मतं काही पक्क्या गैरसमजांवर उभी असतात. या गैरसमजांपायी ड्रायव्हरांना नाहक दूषणं मिळतात, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : मोठी टीम जगातला सर्वांत वेगवान ड्रायव्हर निवडते.

वस्तुस्थिती : टीमला मोकळ्या असलेल्या किंवा मोकळ्या करून घेता येतील अशा ड्रायव्हरांतूनच निवड करता येते. डिसेंबर २०१६ मध्ये फर्नांडो अलोन्सो मॅक्लारेनशी, सेबास्टियन व्हेटेल फेरारीशी आणि मॅक्स व्हर्स्टॅपेन रेड बुलशी करारबद्ध होते. मर्सिडीजची नजर वळली ती विल्यम्सच्या वाल्टेरी बोटासकडे. विल्यम्सच्या गाडीला इंजिन मर्सिडीजचंच होतं, त्यामुळे दोन टीममध्ये बोलणी होऊ शकत होती. अडचण अशी, की विल्यम्सने दुसऱ्या सीटसाठी लान्स स्ट्रोल हा १८ वर्षांचा नवखा मुलगा घेतला होता. बोटासही गेला तर टीममध्ये अनुभवी कोणीच उरत नव्हतं. शेवटी नुकताच निरोप घेतलेला फेलिपे मास्सा परत यायला तयार झाला आणि १६ जानेवारी २०१७ रोजी बोटासची निवड जाहीर झाली. एक जागा भरायला सहा आठवडे लागले, कारण तिच्यासाठी दुसऱ्या टीमचीही घडी बसवावी लागली.

गैरसमज २ : राखीव ड्रायव्हर किंवा टीमने घडवलेला तरुण, यांचा पहिला हक्क असतो.

वस्तुस्थिती : असा कोणताही नियम नाही. मर्सिडीजने घडवलेला पास्कल वेर्लाइन २०१६ मध्ये मॅनॉर या छोट्या टीमकडून एक मोसम खेळला होता, तरी रॉसबर्गची जागा त्याला मिळाली नाही. २०२० मध्ये बहारीनमधल्या साखीर ग्रांप्रीआधी लुईस हॅमिल्टनला कोविड झाला. स्टोफेल व्हँडॉर्न हा राखीव ड्रायव्हर हाताशी असूनही मर्सिडीजने विल्यम्सकडून जॉर्ज रसेलला एका शर्यतीपुरतं मागून घेतलं. रसेलचं अंग गाडीत मावेना, पायात नेहमीपेक्षा लहान बूट घालावे लागले. तरीही पात्रता फेरीत तो बोटासच्या मागे अवघ्या ०.०२६ सेकंदाने दुसरा आला. शर्यतीत तो बराच काळ आघाडीवर होता. पिट स्टॉपमध्ये टायरची अदलाबदल झाली, नंतर टायर पंक्चर झालं आणि तो नववा आला.

एवढं करूनही पुढच्या मोसमात त्याला ती जागा मिळाली नाही, कारण बोटासचा २०२१ चा करार आधीच झाला होता. रसेल मर्सिडीजमध्ये आला तो २०२२ मध्ये.

गैरसमज ३ : अनुभवी माणूस कुठल्याही गाडीत बसून लगेच वेग दाखवतो.

वस्तुस्थिती : २००९ ची फेरारी याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. हंगेरीत पुढच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग हेल्मेटवर आदळून मास्सा जबर जखमी झाला. मायकेल शूमाकर परतायला तयार होता, पण मोटरसायकल अपघातात दुखावलेल्या मानेने त्याला थांबवलं. मग फेरारीने लुका बादोएर या आपल्या जुन्या चाचणी ड्रायव्हरला बसवलं. त्याने याआधीची शर्यत १९९९ मध्ये खेळली होती आणि २००९ पासून मोसमातल्या चाचण्यांवर बंदी आल्याने गाडीचा सरावही नव्हता. व्हॅलेन्सिया आणि स्पा या दोन्ही ठिकाणी तो पात्रता फेरीत शेवटचा आला.

याच स्पामध्ये फोर्स इंडियाच्या जियानकार्लो फिसिकेलाने पोल पोझिशन मिळवून दुसरा क्रमांक पटकावला. भारतीय मालकीच्या या टीमचे ते पहिले गुण. फेरारीने लगेच त्याला बोलावलं. पण उरलेल्या पाच शर्यतींत तो एकही गुण मिळवू शकला नाही. माणूस तोच, कौशल्यही तेच. मात्र फेरारीत ब्रेक लावताना ऊर्जा साठवणारी केर्स ही यंत्रणा होती, फोर्स इंडियाच्या गाडीत ती नव्हती. ब्रेकचा अंदाज, स्टीअरिंगवरची बटणं, वळणावर पुढच्या चाकांचा प्रतिसाद, सगळंच वेगळं. ही सवय लागायला सराव लागतो आणि मध्येच आलेल्याला तोच मिळत नाही.

उलट २०२४ मध्ये जेद्दाहमध्ये फेरारीच्या कार्लोस साइन्झला अपेंडिक्सचं दुखणं उद्भवलं, तेव्हा १८ वर्षांचा ऑलिव्हर बेअरमन फेरारीत बसून सातवा आला. तो त्याच आठवड्यात तिथेच फॉर्म्युला टूची गाडी चालवत होता. ट्रॅक त्याच्या हातात बसलेला होता.

गैरसमज ४ : दोन्ही सीटवर दोन सिंह असले की टीम अजिंक्य.

वस्तुस्थिती : सांघिक विजेतेपदासाठी दोघांचेही गुण धरले जातात आणि बक्षिसाच्या रकमेचा मोठा भाग त्याच क्रमवारीवर ठरतो. त्यामुळे टीमला दोन्ही गाड्या नेमाने गुणांत हव्या असतात. २०१६ मध्ये बार्सिलोनात हॅमिल्टन आणि रॉसबर्ग पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळले आणि दोघेही बाद झाले. बोटास आल्यावर हे वैर संपलं. त्याने पाच मोसमांत १० शर्यती जिंकल्या आणि त्या पाचही वर्षी सांघिक विजेतेपद मर्सिडीजकडे राहिलं. उलट २०२४ मध्ये व्हर्स्टॅपेन विश्वविजेता झाला, पण सर्जिओ पेरेझ आठवा राहिल्याने रेड बुल टीम म्हणून तिसरी आली.

गैरसमज ५ : नवा ड्रायव्हर चालला नाही, तर लगेच दुसरा आणावा.

वस्तुस्थिती : पेरेझच्या जागी रेड बुलने २०२५ साठी लियाम लॉसनला घेतलं आणि दोनच शर्यतींनंतर काढलं. त्याच्या जागी आलेल्या युकी त्सुनोदालाही ती गाडी वळवणं जडच गेलं. त्याच गाडीत व्हर्स्टॅपेनने त्या वर्षी आठ शर्यती जिंकल्या आणि विश्वविजेतेपद फक्त दोन गुणांनी गमावलं. एका असामान्य माणसाच्या हाताला बेतलेली गाडी दुसऱ्याला तशीच साथ देत नाही. माणूस बदलून ही अडचण सुटत नाही.

मर्सिडीजने याउलट केलं. हॅमिल्टन फेरारीत जाणार हे १ फेब्रुवारी २०२४ रोजी कळलं. टीमने किमी अँटोनेलीला जुन्या गाड्यांवर महिनोन्‌महिने सराव दिला. ३० ऑगस्टला मोंझात पहिल्याच सराव सत्रात त्याने गाडी ठोकली आणि दुसऱ्याच दिवशी टीमने त्याचं नाव जाहीर केलं. निर्णय महिन्यांच्या नोंदींवर उभा होता, म्हणून एका अपघाताने तो डळमळला नाही.

गैरसमज ६ : नाव आणि पैसा असला की झालं.

वस्तुस्थिती : आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाचं सुपर लायसन्स नसेल तर गाडीत बसताच येत नाही. त्यासाठी साधारणपणे वय १८ पूर्ण आणि तीन मोसमांत खालच्या स्पर्धांतून ४० गुण लागतात. अमेरिकेत इंडीकारच्या शर्यती जिंकणारा कोल्टन हर्टा २०२२ मध्ये रेड बुलला आपल्या दुसऱ्या टीमसाठी हवा होता. गुण कमी पडले आणि सवलत मिळाली नाही.

पात्रता असूनही जागांचं गणित निष्ठुर आहे. मुंबईचा जेहान दारूवाला रेड बुलच्या युवा योजनेत होता, त्याने फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या आणि २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनवर मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडीही चालवली. पण तेव्हा साऱ्या जगासाठी २० जागा होत्या, आणि वर्षाला त्यातल्या मोजक्याच मोकळ्या होत.

म्हणून पुढच्या वेळी एखादी सीट रिकामी झाली, तर आधी चार गोष्टी पाहाव्यात : कोणाचा करार कधी संपतो, लायसन्स कोणाकडे आहे, तयारीला वेळ किती आहे आणि गाडी कोणाच्या शैलीला धरून बनली आहे. नाव बहुधा यांतूनच पुढे येतं. ज्याला सीट मिळाली नाही तो कमी प्रतीचा ठरत नाही, आणि जो आयत्या वेळी बसून मागे पडला त्याला नालायक म्हणण्याआधी सरावाला किती दिवस मिळाले हे विचारणं आपल्या चाहतेपणाला शोभणारं आहे.