हप्ते फेडताना घर कसे चालवावे?

महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो. पाच तारखेपर्यंत एकामागून एक हप्ते वळते झाल्याचे संदेश येऊन पडतात. पंधरा तारखेनंतर किराणा, औषधे, रिक्षाचे भाडे अशा साध्या गोष्टींसाठीही क्रेडिट कार्ड पुढे करावे लागते. शहरातील अनेक नोकरदार घरांचा महिना आज असाच जातो. अशा घरात उधळपट्टी चालते असे मुळीच नाही. एकही हप्ता चुकलेला नसतो. तरीही वर्षअखेर पाहावे तर कर्ज कमी होण्याऐवजी वाढलेले असते. हे का घडते आणि त्यातून बाहेर कसे पडता येते, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

आकडे काय सांगतात?

डोंबिवलीत भाड्याच्या घरात राहणारे चौकोनी कुटुंब कल्पूया. पती-पत्नी दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७८ हजार रुपये. खर्चाची बाजू अशी : घरभाडे १४ हजार, किराणा-दूध-भाजी १६ हजार, शाळेची फी व बस सरासरी साडेसात हजार, वीज-गॅस-फोन-इंटरनेट साडेचार हजार, लोकलचे पास व रिक्षा चार हजार, आईवडिलांची औषधे साडेतीन हजार, विम्याच्या हप्त्यांची मासिक सरासरी तीन हजार. याखेरीज हॉटेल, ऑनलाइन खरेदी, आहेर, पाहुणे अशा 'इतर' सदरात दहा हजार. एकूण ६२ हजार ५०० रुपये.

आता कर्जाची बाजू पाहू. चार लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले होते. त्याचा हप्ता सुमारे ९,३०० रुपये असून अजून तीन वर्षे बाकी आहेत, म्हणजे सुमारे दोन लाख ७२ हजारांचे मुद्दल शिल्लक आहे. फ्रिज आणि मोबाइलचा हप्ता ४,२०० रुपये, आणखी आठ महिने. क्रेडिट कार्डावरील थकबाकी ९० हजार. शिवाय मेहुण्याकडून हातउसने घेतलेले ४० हजार. कार्डाची 'किमान देय रक्कम' थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे साडेचार हजार धरली, तर दरमहा १८ हजार रुपये कर्जापोटी जातात. खर्च आणि हप्ते मिळून बेरीज ८० हजार ५०० होते. पगाराहून अडीच हजार रुपये जास्त.

हे अडीच हजार येतात कोठून? अर्थातच कार्डावरून. कार्डाचा व्याजदर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू. ९० हजारांवर एका महिन्याचे व्याज ३,१५० रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ५६७ रुपये. म्हणजे भरलेल्या साडेचार हजारांपैकी ३,७१७ रुपये व्याजात आणि करात गेले. थकबाकी घटली ती केवळ ७८३ रुपयांनी. त्याच महिन्यात अडीच हजारांची नवी खरेदी झाली, म्हणजे कर्ज १,७१७ रुपयांनी वाढले. एकही हप्ता न चुकवता कर्ज वाढते, ते असे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मागील पूर्ण रक्कम न भरल्यास नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही साधारणपणे मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. त्यामुळे थकबाकी असताना त्याच कार्डावर भाजी घेणे म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याजाने कर्ज काढून भाजी घेणे होय. या दरावर कायद्याचे छत्र असेल, असेही समजू नये. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ मधील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

पहिले पाऊल : कर्ज घरात सांगणे

कर्जाच्या व्यवहारातील सर्वांत महाग चूक बहुधा व्याजाची नसते, लपवाछपवीची असते. कार्डाची थकबाकी पत्नीला ठाऊक नाही, माहेरी मदत म्हणून दिलेली रक्कम पतीला ठाऊक नाही, अशी परिस्थिती अनेक घरांत असते. मग एकजण काटकसर करतो आणि दुसऱ्याला त्याचे कारणच कळत नसल्याने घरात कुरबुरी वाढतात. म्हणून एका रविवारी दोघांनी कागद घेऊन बसावे. प्रत्येक कर्जापुढे चार गोष्टी लिहाव्यात : शिल्लक रक्कम, व्याजदर, मासिक हप्ता आणि शेवटच्या हप्त्याची तारीख. हातउसने आणि भिशीचे उचललेले पैसेही या यादीत यायला हवेत. बेरीज पाहून छातीत धस्स होईल. पण आकडा कळल्याखेरीज तो कमी करण्याची योजना आखता येत नाही. मुलांना रक्कम सांगण्याची गरज नाही. मात्र 'यंदा आपण जपून खर्च करतो आहोत' एवढे त्यांना विश्वासात घेऊन जरूर सांगावे. मुले पुष्कळदा आपण समजतो त्याहून समंजस असतात.

यासोबतच स्वतःचा पतअहवाल पाहावा. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा हा अहवाल विनामूल्य मिळतो. विसरलेले एखादे कार्ड किंवा फेडूनही 'बंद' न दाखवलेले कर्ज त्यातून उघड होते.

कोठे कापावे, कोठे कापू नये?

काटकसर म्हटली की प्रथम दुधाचे अर्धे लिटर कमी होते, घरकामाच्या मावशी बंद होतात, घरातील स्त्रीची औषधे पुढे ढकलली जातात. ही दिशा चुकीची आहे. आरोग्य विमा, मुदत विमा, औषधे आणि शाळेची फी यांना हात लावू नये. विमा बंद केल्यास महिना सुटतो, परंतु एका इस्पितळाच्या बिलाने पाच वर्षांचे कर्ज नव्याने उभे राहते.

कपात 'इतर' या सदरातून सुरू करावी, कारण तेथील खर्चाची नोंद कोणाकडेच नसते. एक महिना प्रत्येक खर्च वहीत लिहावा. यूपीआयने दिलेले वीस-पन्नास रुपये स्वतंत्रपणे जाणवत नाहीत. महिन्याची बेरीज मात्र चकित करते. आपल्या उदाहरणातील कुटुंबाने 'इतर' खर्च दहा हजारांवरून चार हजारांवर आणला, किराण्यात यादी करून दीड हजार वाचवले आणि न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या व फोनच्या योजना बदलून पाचशे रुपये सोडवले, तर आठ हजार रुपये मोकळे होतात. घर पूर्वीइतकेच चालते, फक्त सैलपणा जातो.

आपल्या आज्या-पणज्या डाळीच्या डब्यात, तांदळाच्या पिंपात पैसे ठेवत. त्यामागे एक साधा हिशेब होता : समोर दिसणारे पैसे खर्च होतात, बाजूला काढलेले उरतात. तेच तत्त्व आज बँकेत वापरावे. पगार झाल्यावर घरखर्चाची रक्कम वेगळ्या खात्यात वळवावी आणि त्या खात्यातूनच महिना काढावा. ते खाते रिकामे झाले की खर्च थांबला पाहिजे. कार्ड या काळात पाकिटात नव्हे, कपाटात असावे. ऑनलाइन दुकानांत साठवलेला त्याचा क्रमांकही काढून टाकावा.

ठाऊक असलेले 'अचानक' खर्च

महिन्याचे गणित बसले तरी वर्षाचे बिघडते, ते ठरावीक ठिकाणी. जूनमध्ये शाळेची पुस्तके व गणवेश, पुढे गणपतीला गावी जाणे, मग दिवाळी, हिवाळ्यापासून लग्नसराई आणि एखाद्या महिन्यात विम्याचा वार्षिक हप्ता. हे खर्च दरवर्षी येतात, तरीही आपण त्यांना अचानक आलेले म्हणतो. ते सर्व लिहून बाराने भागावेत. वर्षाला २४ हजार होत असतील, तर दरमहा दोन हजार आवर्ती ठेवीत टाकावेत. हे जमले नाही तर ऋण काढून सण साजरा होतो आणि पुढच्या गणपतीपर्यंत त्याचे हप्ते चालू राहतात. कर्ज असलेल्या वर्षी आहेर लहान करावा. कारण विचारणाऱ्यास खरे सांगावे. त्यात कमीपणा नाही.

कोणते कर्ज आधी?

हातात जादा येणारी रक्कम सगळ्या कर्जांवर थोडीथोडी वाटू नये. इतरांचे ठरलेले हप्ते भरावेत आणि उरलेली सर्व रक्कम सर्वाधिक व्याजाच्या कर्जावर टाकावी. आपल्या उदाहरणात ते कार्ड आहे. काहींना आधी सर्वांत लहान कर्ज संपवल्याने हुरूप येतो. तोही मार्ग चालतो, पण त्यात व्याज अधिक जाते, हे समजून तो निवडावा.

आठ हजारांची कपात केल्यावर या कुटुंबाचा खर्च ५४,५०० आणि दोन कर्जांचे हप्ते १३,५०० असे ६८ हजार होतात. उरलेल्या दहा हजारांपैकी एक हजार अडीअडचणीसाठी बाजूला ठेवून नऊ हजार कार्डावर भरले आणि कार्डाचा वापर पूर्ण थांबवला, तर आठ महिन्यांत थकबाकी ९० हजारांवरून सुमारे ४१ हजारांवर येते. तोवर फ्रिज-मोबाइलचे हप्ते संपतात. सुटलेले ४,२०० रुपये घरखर्चात न मिसळता तेही कार्डाकडे वळवले, तर बाराव्या महिन्यात कार्ड कोरे होते. पुढील तीन महिन्यांत मेहुण्याचे ४० हजारही फिटतात. म्हणजे सव्वा वर्षात केवळ वैयक्तिक कर्ज उरते, तेही २१ हप्त्यांचे. हप्ता संपला की तो पैसा पुढच्या कर्जाला, हा या योजनेचा कणा आहे.

मेहुण्याला पंधरा महिने थांबायला लावताना त्यांना तारखेसह तसे सांगणे आवश्यक. बिनव्याजी कर्जाचे व्याज नात्यातून वसूल होते.

काही जणांच्या बाबतीत विचित्र स्थिती आढळते. बँकेत सहा-सात टक्क्यांची मुदत ठेव आणि कार्डावर ४२ टक्क्यांची थकबाकी! 'ठेव मोडायची नाही' हा संस्कार चांगला आहे, पण येथे तो महागात पडतो. तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम राखून उरलेल्या ठेवीतून कार्ड फेडणे शहाणपणाचे. मोडवत नसेल तर ठेवीवर कर्ज मिळते; त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के अधिक असतो.

कार्डाची थकबाकी कमी दराच्या कर्जात बदलून घेण्याचाही मार्ग आहे. मात्र त्यासाठी दोन अटी पाळाव्यात. रिकामे झालेले कार्ड पुन्हा वापरू नये. अन्यथा एका कर्जाची दोन होतात. दुसरे म्हणजे, नुसता व्याजदर न पाहता प्रक्रिया शुल्कासह येणारा वार्षिक दर पाहावा. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदतकर्ज देताना असा दर सांगणारे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे. वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचे असते आणि मुदतीपूर्वी फेडल्यास शुल्क लागू शकते. तेही करारात आधीच वाचावे.

हप्ता भरणे अशक्यच झाले तर?

नोकरी गेली, आजारपण आले, तर हप्ता परत जाण्याची वाट पाहू नये. आधीच बँकेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करावी. थकबाकीपेक्षा कमी रकमेत 'तडजोड' करण्याचा प्रस्ताव आकर्षक वाटतो. परंतु पतअहवालात अशा कर्जापुढे 'पूर्ण फेडले' असे न येता 'तडजोड झाली' अशी नोंद राहते आणि पुढे गृहकर्ज मागताना ती आडवी येते. तो शेवटचा उपाय समजावा.

वसुलीच्या नावाखाली होणारा त्रास मात्र निमूटपणे सोसण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ मधील निर्देशांनुसार थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करता येत नाही. धमकी देणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाईक व मित्रांना त्रास देणे यांनाही मनाई आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही.

या अडचणीच्या काळातच दोन सापळे समोर येतात. एक, पाच मिनिटांत पैसे देणारी मोबाइलवरील ॲप. कर्ज देणारी बँक वा वित्त कंपनी कोण हे जे ॲप सांगत नाही, किंवा फोनमधील संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागते, त्याच्यापासून दूर राहावे. संपर्कयादीला हात लावणे नियमबाह्य आहे. दुसरा, ओळखीतला सावकार. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. एक कर्ज फेडण्यासाठी त्याहून महाग कर्ज घेणे म्हणजे सुटका नव्हे, फक्त तारीख पुढे जाते.

कर्जमुक्तीची योजना पहिल्या दोन महिन्यांत जड जाते, कारण कपात रोज जाणवते आणि थकबाकी फारशी हललेली दिसत नाही. म्हणून दर महिन्याच्या पाच तारखेला शिल्लक कर्जाचा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि दोघांनी तो पाहावा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो खाली उतरताना दिसू लागतो. एखाद्या महिन्यात गणित चुकलेच, तर योजना मोडली असे न मानता पुढच्या महिन्यापासून ती पुन्हा सुरू करावी. घर चालवायचे आहे आणि कर्जही फेडायचे आहे. त्यासाठी दोघांच्या डोळ्यांसमोर एकच वही असली, तर यातील बरेचसे ओझे तेथेच हलके होते.