शिकार फसते तेव्हा

आमच्या इमारतीच्या मागे एक जुना वड आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यातल्या एका सकाळी मी गॅलरीत चहा घेत बसलो होतो. एकाएकी वडावर कालवा सुरू झाला. आधी खारींची चिकचिक, मग साळुंक्यांची कर्कश ओरड. पाठोपाठ पानांच्या आडून एक राखी पक्षी बाणासारखा निघाला आणि खोडावरच्या खारीवर झेपावला. खार गर्रकन खोडाच्या पलीकडे गेली. पक्षी आता बुंध्यावर आदळतो की काय असे वाटले. पण शेपटीचा पंखा करून तो वळला आणि रिकाम्या पायांनी समोरच्या सुबाभळीवर जाऊन बसला. तो शिक्रा होता.

पुढच्या अर्ध्या तासात त्याने आणखी दोनदा झडप घातली. दोन्ही वेळा हाती काही लागले नाही. मी वहीत काय लिहिले? 'सकाळी शिक्रा दिसला.' बस्स! काही दिवसांनी त्याने सरडा उचलला, तेव्हा मात्र मी अर्धे पान भरले. पुढे वही चाळताना लक्षात आले की शिकारीच्या म्हणून जेवढ्या नोंदी मी केल्या होत्या, त्या सगळ्या यशस्वी शिकारीच्या होत्या. ती वही वाचणाऱ्याने 'शिक्र्याची झडप कधी चुकत नाही' असा निष्कर्ष काढला असता, आणि तो साफ चुकीचा ठरला असता. संशोधन हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याच्या हातून ही चूक झाली, म्हणून ती येथे मुद्दाम सांगत आहे.

जीव की जेवण?

खरी गोष्ट अशी की बहुतेक शिकारी पक्ष्यांचे पुष्कळसे हल्ले वाया जातात. तीक्ष्ण नजर, वेग आणि अणकुचीदार नख्या असूनही असे का व्हावे?

रिचर्ड डॉकिन्स आणि जॉन क्रेब्ज या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ साली एका लेखात याचे मार्मिक स्पष्टीकरण दिले. ससा कोल्ह्यापेक्षा जोरात पळतो, कारण ससा जिवासाठी पळत असतो आणि कोल्हा फक्त जेवणासाठी. आपल्या वडावरही हेच घडते. शिक्र्याची झडप चुकली तर त्याची एक न्याहारी हुकते; खारीची गिरकी चुकली तर सगळेच संपते. ज्या खारी चुकतात त्यांची पुढे पिल्ले होत नाहीत. त्यामुळे निसटण्याच्या कलेवर निवडीचा दाब फार मोठा असतो. शिकारी सुधारतो तसे भक्ष्यही सुधारते, आणि ही शर्यत कधी संपत नाही.

ज्याची त्याची रीत

प्रत्येक शिकारी पक्ष्याची शरीररचना त्याच्या शिकारीच्या पद्धतीला साजेशी असते. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. झाडांच्या फांद्यांतून वळणे घेत जायला ही रचना उत्तम. पण लांबवर पाठलाग करण्याचे काम त्याचे नव्हे. त्याची सारी मदार भक्ष्याला बेसावध गाठण्यावर असते. म्हणूनच खारीने किंवा साळुंकीने एकदा हाकाटी केली की पुष्कळदा तो जागा बदलतो.

गावाबाहेरच्या माळावर किंवा शेताच्या कडेला विजेच्या तारेवर पांढरट-राखी, लाल डोळ्यांची कापशी घार दिसते. आकाराने साधारण कावळ्याएवढी. उघड्या रानात दबा धरायला आडोसा नसतो, म्हणून ती वाऱ्याकडे तोंड करून पंख फडफडवत हवेत एकाच जागी थांबते. त्या वेळी तिचे डोके नीट पाहा. पंख आणि शेपटी सतत हलत असतात, डोके मात्र जणू खिळ्याने ठोकल्यासारखे स्थिर असते. गवतातल्या उंदराची बारीकशी हालचाल टिपायची तर नजर हलून चालत नाही. मग ती पंख वर उचलून, पाय खाली सोडून टप्प्याटप्प्याने उतरते. अनेकदा मध्येच बेत रद्द करून पुन्हा वर जाते.

आपली नेहमीची घार तर संधीसाधूच म्हणायला हवी. मासळी बाजार आणि कचऱ्याचे ढीग यांवर घिरट्या घालणारी ही घार दुभंगलेल्या शेपटीच्या साहाय्याने गर्दीतही अचूक वळते आणि मिळालेला तुकडा उडता उडता पायातून चोचीत घेऊन खाते.

चुकलेल्या झडपेने दिलेले उत्तर

गव्हाणी घुबड रात्री उंदीर कसा शोधते, हा प्रश्न अमेरिकेतील रॉजर पेन या संशोधकाने हाती घेतला होता. (हेच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांच्या अभ्यासामुळे जगप्रसिद्ध झाले.) त्यांनी एका खोलीत पूर्ण अंधार केला, जमिनीवर वाळकी पाने पसरली आणि उंदीर सोडला. घुबडाने त्याला अचूक पकडले. पण हे वासामुळे झाले, की उंदराच्या अंगच्या उष्णतेमुळे, की आवाजामुळे? पेन यांनी उंदराऐवजी कागदाचा बोळा दोऱ्याने पानांतून ओढला. घुबडाने त्यावरही झडप घातली! कागदाला ना उंदराचा वास, ना ऊब. राहिला तो आवाज. पुढे घुबडाच्या एका कानात बोळा बसवून पाहिला, तेव्हा झडप चुकू लागली. म्हणजे दोन्ही कानांची तुलना करूनच ते जागा ठरवत होते. या घुबडाच्या कानांची छिद्रे एका पातळीत नसतात, एक वर तर एक खाली असते. आवाज दोन कानांपर्यंत पोचण्यातील वेळेच्या फरकावरून डावे-उजवे कळते, तर तीव्रतेतील फरकावरून वर-खाली. पेन यांचा सविस्तर निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. फसलेल्या झडपेची नोंद पेन यांनी केली नसती, तर दोन कानांचे हे कोडे सुटलेच नसते.

वर्गासाठी

हे निरीक्षण शाळेच्या आवारातही करता येते. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. पहिला धडा असा : आधी शिकाऱ्याला शोधू नका, भक्ष्याचे ऐका. खारी, साळुंक्या, सातभाई ओरडू लागले किंवा कावळे व कोतवाल कुणाच्या तरी मागे लागले, की तिकडे पाहा.

वहीत रकाने आखा : तारीख व वेळ, पक्षी, कुठून निघाला, कशावर झेपावला, काय झाले. शेवटच्या रकान्यात तीनच उत्तरे असू द्या : मिळाले, निसटले, कळले नाही. तिसरे उत्तर लिहायला मुले लाजतात. त्यांना सांगा की ते उत्तर प्रामाणिकपणाचे आहे. आणखी एक गोष्ट आधीच ठरवा : 'हल्ला' कशाला म्हणायचे? कापशी हवेत थांबली, थोडी उतरली आणि परत वर गेली, तर तो हल्ला धरायचा का? या वादात एक तास गेला तरी जाऊ द्या. व्याख्या आधी का ठरवावी लागते, हे मुलांना त्या तासात जितके कळेल तितके पाठ्यपुस्तकातून कळणार नाही. मात्र घरट्याजवळ जाऊ नका, पक्ष्यांना खाऊ टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या पक्ष्यांना पकडणे किंवा त्यांची पिल्ले उचलणे गुन्हा आहे.

हा सारा खटाटोप कशासाठी? 'शिक्रा सगळ्या चिमण्या संपवतो' म्हणून त्याला दगड मारणारे लोक आहेत, आणि घुबड अशुभ म्हणून त्याची पिल्ले घरट्यातून काढून टाकणारेही आहेत. दोघांचाही समज न पाहता झालेला असतो. उलट कापशी आणि गव्हाणी घुबड ज्या उंदरांवर जगतात, त्यांनाच आपण विष घालतो. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि सहज पकडला जातो. तेवढ्या एका वेळी पक्ष्याची शिकार फसत नाही, आणि विष त्याच्या पोटात जाते.

त्या वडावर अजूनही शिक्रा येतो. माझ्या वहीत आता 'निसटले' हा रकाना सर्वांत लांब झाला आहे.