नवी लादी, जुनी भानगड

"किचन बघा ना साहेब, एकदम नवं कोरं! फक्त बॅगा घेऊन यायचं." डोंबिवलीतल्या त्या वन बीएचकेत एजंट दादाला एकेक दार उघडून दाखवत होता. मॉड्युलर किचन, पीओपी, हॉलच्या एका भिंतीला लाकडासारखं दिसणारं पॅनल. शिवाय आजूबाजूच्या रेटपेक्षा फ्लॅट स्वस्त! दादाने जवळजवळ टोकनसाठी फोन काढलाच होता. (मी तोवर मनातल्या मनात तिथे रील शूट केलं होतं, खोटं कशाला बोलू.)

वहिनीचं लक्ष मात्र खाली गेटजवळच्या नावांच्या बोर्डावर गेलं होतं. फ्लॅट नंबरसमोर वेगळंच नाव होतं. सेक्रेटरी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, तो बँकेने सील केलेला फ्लॅट. लिलावात गेला. घेणाऱ्याने रंगरंगोटी केली आणि आता विकायला काढलाय."

कर्ज थकलं की बँक 'सरफेसी' कायद्याखाली, म्हणजे २००२ च्या कायद्याखाली, आधी साठ दिवसांची नोटीस देते. तरी पैसे आले नाहीत तर ताबा घेते आणि लिलाव करते. पेपरातल्या त्या बारीक अक्षरांतल्या जाहिराती आपण भेळ खाऊन फेकतो ना, त्या याच. त्यांत एक वाक्य हमखास असतं: 'जसे आहे, जिथे आहे' या तत्त्वावर विक्री. म्हणजे आत गळती असो की थकबाकी, बँक हात वर करणार. आणि कधी कधी बँकेकडे ताबाही फक्त कागदावरचा, 'सांकेतिक' असतो. प्रत्यक्ष घरात जुनं कुटुंब राहत असतं. त्या कर्जदाराला बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे केस पडून असेल, तर तिसऱ्या हाताने घर घेणाराही त्यात अडकू शकतो. म्हणून एजंटने व्हॉट्सॲपवर टाकलेल्या फोटोंपेक्षा बँकेचं सेल सर्टिफिकेट, ताब्याची पावती आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट आधी मागायचा.

आमच्या केसमध्ये शेअर सर्टिफिकेटसुद्धा अजून जुन्याच मालकाच्या नावावर होतं. मेंटेनन्स कित्येक महिन्यांचा थकलेला. ते भरल्याशिवाय ट्रान्सफर नाही, काका ठाम. विजेचंही तसंच. नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी वीज कंपनी नव्या मालकाकडे मागू शकते, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय.

पण हे सगळं कागदांचं झालं. खरी गंमत बाथरूममध्ये होती.

सिव्हिल डिप्लोमाला असलेल्या माझ्या मित्राला आम्ही दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. त्याने ना किचन पाहिलं, ना पीओपी. थेट बाथरूमच्या दारापाशी उकिडवा बसला. दार खालून तासलेलं होतं. "जुन्या लादीवरच नवी लादी मारलीय," तो म्हणाला. लादीवर लादी आली की लेव्हल वर येते, दार अडतं, मग दार तासतात. आणि जुनी लादी उचकटलीच नाही, म्हणजे खालचं वॉटरप्रूफिंगही जुनंच. मग त्याने हॉलच्या पॅनलवर टकटक केलं आणि एका कोपऱ्यात नाक लावलं. कुबट वास. पॅनलमागे ओल होती. फॉल्स सीलिंगच्या आत स्लॅबची सळई उघडी पडलीय का, हे तर बघायलाच मिळालं नाही. ते उघडायला विक्रेता तयार नव्हता.

मग मित्राची आयडिया: खालच्या मजल्यावरची बेल वाजवायची. काकूंनी दार उघडलं आणि काही विचारायच्या आत थेट बाथरूममध्येच नेलं. छताला पोपडे, मधोमध पिवळा डाग. "फ्लॅट बंद होता तोवर सुकलं होतं गं," काकू म्हणाल्या. "काम सुरू झालं, पाणी सोडलं, की परत टपटप."

जाता जाता सोसायटीच्या शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्टही मागितला. बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी ऑडिट हवं. काका म्हणाले, "शोधून ठेवतो."

काल एजंटचा परत फोन आला. मालक दोन लाख कमी करायला तयार आहेत म्हणे. दादा म्हणाला, "आधी बाथरूमची लादी उचकटून दाखवा, मग भावाचं बोलू."

फोन कट.