पुसदची थंडी आणि डिझेलची मोटार

वऱ्हाडच्या उन्हाळ्याची कीर्ती महाराष्ट्रभर इतकी पसरलेली आहे की, या मुलखाला हिवाळाही असतो आणि तो चांगला झोंबणारा असतो, ही गोष्ट परप्रांतीयांच्याच काय, खुद्द येथील रहिवाशांच्याही सहसा ध्यानात राहत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला पूस नदीच्या खोऱ्यात वसलेले पुसद हे गाव डोंगरांनी वेढलेले असल्यामुळे निरभ्र रात्री उतारांवरची गार आणि म्हणून जड झालेली हवा खाली खोऱ्यात येऊन साचते, आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडची लाट आली म्हणजे पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. 29 डिसेंबर 2018 रोजी तर खुद्द नागपुरास 3.5 अंश सेल्सिअस इतक्या नीचांकाची नोंद झाली. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या प्रदेशाच्या दृष्टीने ही तफावत काही सामान्य नव्हे, आणि माणसाने ती घोंगडी पांघरून निभावून नेली तरी त्याच्या दारात उभ्या असलेल्या यंत्राला तसे करता येत नाही.

पुसदला आगगाडी अद्याप पोहोचलेली नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्ध्याकडील कळंबपर्यंतचा पहिला तुकडा 2024 च्या फेब्रुवारीत चालू झाला, परंतु पुसदकरांची सारी भिस्त आजही रस्त्यावर, म्हणजे पर्यायाने डिझेलवर आहे. कापूस, तूर आणि ऊस यांच्या वाहतुकीचा हंगाम नेमका थंडीतच येतो, आणि दिग्रस, उमरखेड वा वाशीमच्या वाटेला लागण्यासाठी भल्या पहाटे निघू पाहणाऱ्या जीपगाड्या व ट्रॅक्टर यांचा सेल्फ मारल्याची केविलवाणी घरघर त्याच वेळी ऐकू येऊ लागते. गाडी सुरू होत नाही. मालक खाली उतरतो, भोवती चार जाणते गोळा होतात, आणि त्यांतला एखादा ठामपणे निकाल देतो की, टाकीतले डिझेल गोठले. हा निकाल आपल्याकडे इतका सर्वमान्य आहे की त्याविरुद्ध अपील करण्याची कोणाला इच्छाच होत नाही. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते बहुतेक प्रसंगी त्यातला आरोपी निर्दोष असतो, आणि खरा अपराध हवेच्या उष्णतेच्या चोरीचा असतो.

ही चोरी समजण्यासाठी डिझेल इंजिनाचे मूळ तत्त्व पाहिले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1892 साली ज्या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि जिच्यावर बांधलेल्या यंत्राची यशस्वी परीक्षा 1897 साली आउग्सबुर्ग येथे झाली, त्या कल्पनेत ठिणगीला स्थानच नाही. नुसती हवा सिलिंडरात घ्यावयाची, ती मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबावयाची, आणि दाबल्यामुळे पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास तापलेल्या त्या हवेत नोजलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडावयाचा, की तो आपोआप पेट घेतो. सायकलीत हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, तोच हा चमत्कार. फरक केवळ प्रमाणाचा.

आता या व्यवहारात काळ हा महत्त्वाचा पक्षकार आहे. हवा झपाट्याने दाबली तर तिची उष्णता बाहेर पडावयास अवसर मिळत नाही. तीच सावकाश दाबली तर गार लोखंडी भिंती ती शोषून घेतात, आणि दट्ट्याच्या कड्यांच्या फटींतून हवेचा काही अंशही निसटून जातो. म्हणून थंडीतल्या पहाटे एकाच वेळी तीन संकटे येतात: आत घेतलेली हवा मुळातच गार, भिंती त्याहून हावरट, आणि फिरण्याचा वेग मंद. मोठ्या मालमोटारीच्या सिलिंडरात हवेच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग कमी असल्यामुळे ती या संकटातून पुष्कळदा सुटते. मोटारीचे लहान इंजिन, आणि त्यातही जुन्या पद्धतीचे, ज्यात इंधन प्रथम एका छोट्या उपकक्षात फवारले जाते, ते मात्र अधिक हळवे असते. प्यूजो कंपनीच्या परवान्याने महिंद्रांनी बनविलेले आणि त्यांच्या जीपांना बसविलेले 2112 घन सेंटिमीटरचे एक्सडीपी इंजिन याच हळव्या जातीचे होते, आणि ज्यांनी त्या काळच्या जीपगाड्या पहाटे चालविल्या आहेत त्यांना याचा पुरावा वेगळा देण्याची गरज नाही.

वेगाचे हे रहस्य पुसद भागातील शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक आहे. विहिरीवरचे किर्लोस्कर छापाचे इंजिन हँडल मारून सुरू करताना तो प्रथम डिकंप्रेशनचा खटका उचलून ठेवतो, म्हणजे झडप उघडी राहून हवा दाबली जात नाही आणि जड चाक हलक्या हाताने फिरते. चाकाला पुरेशी गती आली, की तो खटका सोडतो, आणि साठलेल्या गतीच्या जोरावर पहिलाच दाब इतका त्वरेने बसतो की इंजिन धडधडू लागते. मोटारीत हे काम सेल्फने, म्हणजे अखेरीस बॅटरीने, करावयाचे असते. इंजिनाला मिनिटाला शंभर-दीडशे तरी फेरे मिळावे लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया गारठ्याने मंदावलेली असते. शून्य अंशाला बॅटरी आपल्या नेहमीच्या सामर्थ्याचा सुमारे दोन तृतीयांश भागच देऊ शकते. पुसदला शून्य अंश येत नाहीत हे खरे, परंतु एप्रिल-मेच्या उष्म्याने बॅटरीच्या आतील पत्र्यांचा ऱ्हास आधीच घडवून आणलेला असतो आणि थंडी फक्त तो उघडकीस आणते. वऱ्हाडातली बॅटरी मरते उन्हाळ्यात. तिचा दाखला मात्र हिवाळ्यात निघतो.

यात ऑइलची भर पडते. थंड ऑइल दाट होते आणि इंजिनाच्या प्रत्येक फिरत्या भागाला मागे ओढते. पूर्वी चाळीस क्रमांकाचे एकेरी ऑइल सर्रास घातले जाई, आणि पहाटे ते काकवीसारखे जड झाले म्हणजे बॅटरीची अर्धी शक्ती त्याच्याशीच झुंजण्यात खर्ची पडे. हल्ली डब्यावर 15 डब्ल्यू-40 असा जो शिक्का दिसतो त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वर्तनाचा असून, असे ऑइल उणे 20 अंशांपर्यंत सेल्फला इंजिन फिरवू देईल अशा कसोटीला उतरलेले असते. पुसदच्या थंडीस ते पुरून उरते. फक्त ते वेळेवर बदललेले असावे.

उष्णतेच्या या तुटीवर योजलेला इलाज म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेतला हीटर, अर्थात प्रत्येक सिलिंडरात बसविलेला हीटर प्लग. हा प्लग ठिणगी देत नाही. त्याचे टोक बॅटरीच्या विजेने आठशे-नऊशे अंशांपर्यंत लालबुंद होते आणि फवाऱ्याला पेटावयास एक हक्काची जागा मिळते. 1936 साली बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीझ-बेंझने 260 डी ही डिझेलवर चालणारी घरगुती मोटार मांडली, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे असे टोक तापावयास मिनिटभरही लागे, आणि जर्मन चालक त्या ताटकळण्याला रुडॉल्फ डिझेलच्या स्मरणार्थ पाळावयाचे मौन असे थट्टेने म्हणत. नव्या प्लगना काही सेकंद पुरतात. परंतु आपल्याकडील घाई अशी की, किल्ली फिरवताच फलकावर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो तो विझण्याच्या आतच सेल्फ मारला जातो. मग पांढऱ्या धुराचा लोट निघतो, जो न जळलेल्या डिझेलचाच असतो, आणि बॅटरीचा निष्कारण अपव्यय होतो. जुन्या गाड्यांत हे प्लग एकापुढे एक असे जोडलेले असत, त्यामुळे एक जळाला की चारही मुके होत आणि दोष तात्काळ कळे. नव्या जोडणीत प्रत्येकाचा मार्ग स्वतंत्र असतो. एक निकामी झाला तरी गाडी कशीबशी सुरू होते, तीन सिलिंडरांवर थरथरते, आणि मालक वर्षभर समजतो की थंडी आहे, चालावयाचेच.

आता त्या निर्दोष आरोपीकडे वळू. डिझेल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यातले लांब साखळीचे मेणासारखे घटक गारठ्यात स्फटिकरूप होतात. प्रथम इंधन गढूळ दिसते, मग ते स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचून वाट अडवितात, आणि त्याहूनही थंडी वाढली तर इंधन वाहणेच थांबते. भारतीय मानकाने यासाठी वर्षाचे दोन भाग केले आहेत: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा, ज्यात गाळणीतून वाहण्याची कमाल मर्यादा 6 अंश आहे, आणि उरलेले महिने उन्हाळा, ज्यात ती 18 अंश चालते. ही मर्यादा आहे, प्रत्यक्ष इंधन बहुधा तीहून सरस असते; शिवाय टाकीतले डिझेल बाहेरच्या हवेइतके झटकन गार होत नाही. म्हणून हिवाळ्यात पंपावर भरलेले डिझेल पुसदमध्ये गोठले असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होय. अपवाद एकच: उन्हाळ्यात घेऊन शेतावरच्या पिंपात साठविलेले, अथवा महिनोन्महिने न हलविलेल्या गाडीच्या टाकीत राहिलेले डिझेल. त्याला थंडीच्या कठीण पहाटे संशयाचा फायदा देता येणार नाही.

डिझेल खऱ्या अर्थाने गोठते ते लडाखात. तेथे उणे 30 अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीसाठी इंडियन ऑइलने पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात बनविलेले, उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल 2019 च्या नोव्हेंबरात पुरविण्यास आरंभ केला. कॅनडातील एडमंटन किंवा विनिपेग येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना वाहनतळावर प्रत्येक गाडीसमोर विजेचे सॉकेट दिसते ते शोभेसाठी नसते. रात्रभर इंजिनातील पाणी कोमट ठेवणारा हीटर त्याला जोडलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या टी-34 रणगाड्याच्या डिझेल इंजिनाला विजेच्या सेल्फबरोबरच दाबलेल्या हवेच्या नळकांड्याही दिलेल्या होत्या, जेणेकरून बॅटरी हरली तरी हवेच्या झोताने इंजिन फिरावे. आपल्या दहा अंशांच्या थंडीला अशा सरंजामाची आवश्यकता नाही.

तरीही आपल्याकडे उपायांची कमतरता नाही, आणि त्यांतले काही भयंकर आहेत. डिझेलात रॉकेल मिसळण्याची तजवीज कित्येकजण अभिमानाने सांगतात; त्याने इंधन पातळ होते हे खरे, पण ज्या वंगणगुणावर पंप व नोजल जगतात तोच नाहीसा होतो, आणि ही भेसळ कायद्यानेही गुन्हा आहे. हवेच्या फिल्टरची नळी काढून तिच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे हे तत्त्वतः शास्त्रशुद्ध आहे, कारण गरम हवा आत जाते. परंतु ठिणग्या आणि राखही आत जातात, व जवळ सांडलेल्या डिझेलचे भान कोणाला नसते. ईथरचा फवारा मारण्याचा शहाणपणा तर हीटर प्लग तापलेले असताना स्फोटालाच आमंत्रण होय. उतारावर गाडी लावून धक्क्याने सुरू करण्याची रीत मात्र जुन्या जीपला अजिबात अपायकारक नाही. नव्या, संगणकाने चालणाऱ्या कॉमन रेल गाड्यांना ती मानवेलच असे नाही.

तेव्हा पुसदकरांनी एवढे करावे. दिवाळी आटोपताच बॅटरीची परीक्षा करून घ्यावी आणि तिच्या टोकांवरचा पांढरा क्षार पुसून टाकावा. चारही हीटर प्लग एकदा मीटरने तपासून घ्यावेत. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढावे. आणि पहाटे दिवा विझेपर्यंत थांबून, दहा सेकंदांहून अधिक काळ सेल्फ न मारता, मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. एवढे करूनही दहा अंशांवर गाडी सुरू होत नसेल, तर तिला थंडी बाधलेली नसून ती आजारी आहे असे समजावे आणि मिस्त्रीकडे न्यावी.