मोहल्ल्याची भट्टी : माती स्वस्त, हिशेब चोख हवा

ईदच्या आठ दिवस आधी मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे व नानकटाई भाजून आणायची, ही रीत आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. जिन्नस घरचे, भट्टी बेकरीवाल्याची, मजुरी किलोवर. आमच्या मोहल्ल्यातील बेकरी बंद पडली तेव्हा ही सोय गेलीच, शिवाय वर्षानुवर्षे तिथली भट्टी सांभाळणारा कारागीर घरी बसला. त्याच्याच सांगण्यावरून गेल्या हिवाळ्यात आम्ही एका मोकळ्या आवारात मातीची सामायिक भट्टी बांधली.

कल्पना नवी नाही. पंजाबच्या खेड्यांत सांझा तंदूर असे, बायका घरून पीठ मळून आणत. मोरोक्कोच्या जुन्या शहरांत घरचे कच्चे पाव गल्लीच्या भट्टीत भाजायला पाठवतात.

आमचे पहिले काम फसले, आणि तो दोष सर्वस्वी आमचा. शेतातली काळी माती फुकट मिळत होती. कुंभाराने बजावले होते की ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. आम्ही चार पैसे वाचवायला गेलो. तिसऱ्या दिवशी घुमटाला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि सगळे फोडावे लागले. मग त्याच्याकडूनच चाळलेली माती विकत आणली.

एक भाग माती, दोन ते तीन भाग वाळू. ताडपत्रीवर पाणी शिंपडून पायांनी तुडवायची. गोळा खांद्याइतक्या उंचीवरून टाकला आणि तो न फुटता, न पसरता राहिला की मिश्रण जमले. कमरेइतक्या दगडी ओट्यावर लाकडाचा भुसा घातलेल्या मातीचा थर दिला, म्हणजे उष्णता खाली जात नाही. त्यावर भट्टीच्या विटा चुना-सिमेंट न लावता घट्ट बसवल्या. विटांवर ओल्या वाळूचा ढीग रचून घुमटाचा आकार दिला, तो ओल्या वर्तमानपत्रांनी झाकला आणि वरून चार इंच माती थापली. माती आवळल्यावर तोंड कापून वाळू उपसली. कारागिराने एका मापाचा फार आग्रह धरला. आत घुमट सोळा इंच उंच, तर तोंड दहा इंच. त्याहून मोठे ठेवले तर उष्णता निसटते, लहान ठेवले तर जाळ घुसमटतो. शेवटी पेंढा मिसळलेल्या मातीचा लेप दिला. घाई करू नये. बरेच दिवस लहान लहान जाळ घालूनच ती वाळवावी.

खरी बचत पुढे आहे. दोन-तीन तास जाळ करून निखारे बाहेर ओढले की तापलेली माती बराच वेळ उष्णता देते. आधी नान, मग पाव, उष्णता उतरली की नानकटाई. एका घरासाठी एवढे लाकूड जाळणे परवडत नाही. दहा घरांनी पाळी लावली तर परवडते.

वाद मजुरीवरून झाला. भट्टी सर्वांची, मग पैसे कसले, असे काहींचे म्हणणे. परंतु पहाटे उठून जाळ घालणाऱ्याचे घर कशावर चालावे? बैठका तीन झाल्या, आवाजही चढले. अखेर लाकडाचा खर्च वाटून घ्यायचा आणि ट्रेमागे ठरलेली मजुरी कारागिराच्या हातात त्याच दिवशी द्यायची, असे वहीत लिहून सह्या घेतल्या. हे बांधण्यापूर्वीच करायला हवे होते.

आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. आमचे गाव त्या हद्दीत नाही. तरीही शेजाऱ्यांची संमती आणि नगरपालिकेची परवानगी घेऊनच आम्ही पहिली वीट ठेवली. धूर कमी व्हावा म्हणून लाकूड कोरडेच वापरतो.

आता पावसाळ्याची चिंता आहे. उघड्यावरची माती एका पावसात विरघळेल. चार लोखंडी खांब आणि वर पत्रा एवढे काम आहे. मोहल्ल्यातल्याच वेल्डरने मजुरी सोडली आहे, पत्र्याचे पैसे मात्र अजून जमायचे आहेत.